ते संस्थेनं ठरवावं

भाऊजी,

तुम्ही होतात तेव्हा मी या घरात सलग दोन दिवससुद्धा कधी राहिले नाही. आता तुम्ही नाही, आणि आठवडा उलटला तरी मी इथंच आहे. ताई मला कामं सांगत नाही. मी आपली भांडी घासते, आल्यागेल्याला चहा ठेवते, खुर्च्या मांडते आणि उचलते. शेजारच्या बाया ताईला म्हणतात, बहीण असावी तर अशी. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं ते दुःख आहे. दुःख आहेच, पण मान खाली जाते ती लाजेनं, आणि हे त्यांना कसं सांगायचं ते मला कळत नाही.

तुमचं लग्न झालं तेव्हा मी डोणगावच्या शाळेत होते. सुट्टी लागली की हट्टानं मेहकरला तुमच्याकडे यायचे आणि दुसऱ्या दिवशी आईच्या आठवणीनं रडून परत जायचे. मला थांबवायचं म्हणून तुम्ही एकदा तुमच्या शिक्षणसंस्थेतला बिघडलेला कॉम्प्युटर घरी आणलात, वर्तमानपत्र अंथरून तो उघडलात आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिलात. पोरीला शॉक बसेल म्हणून ताई ओरडली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "लाईनच नाही घरात, तं शॉक कायचा बसते?" लाईट खरोखरच गेलेली होती. त्या दुपारी मी आतल्या पंख्याची धूळ पुसली आणि तुम्ही मला केबलीच्या टोकाला क्लिप दाबायला शिकवलंत. आतल्या तारांच्या रंगांचा क्रम तुम्ही पाढ्यासारखा म्हणायचात. पुढं अमरावतीला शिकले, नागपूरच्या कंपनीत लागले, मोठमोठ्या कार्यालयांची नेटवर्कं आखली, पण आजही केबल हातात घेतली की तो क्रम तुमच्याच आवाजात येतो. माझं शिक्षण कुठून सुरू झालं असं कुणी विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगत आले.

संस्थेत तुम्ही लॅब असिस्टंट म्हणून लागलात. मेहकरच्या कॉलेजात कॉम्प्युटर आले ते तुमच्याकडे आले. मग डोणगावची शाळा, सुलतानपूरचं कनिष्ठ महाविद्यालय, पार तिकडे सातपुड्याच्या पायथ्याचं सोनाळा, जिथं संस्थेनं शाळा काढली तिथले कॉम्प्युटर तुमच्याकडे येत गेले. पद तेच राहिलं. मशीन आलं की तुम्ही जायचात, त्यावर नाव घालायचात, पासवर्ड घालायचात. पासवर्ड सगळीकडे एकच. कुणी विसरलं तर तुम्हाला फोन करायचं आणि तुम्ही वर्गात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथं असाल तिथून मोठ्या आवाजात सांगायचात. मेहकरमधल्या निम्म्या लोकांना संस्थेचा पासवर्ड पाठ असेल. मी तुम्हाला यावरून खूप बोलले, अगदी कॉलेजात होते तेव्हापासून. तुम्ही म्हणायचात, "लोकायचा माह्यावर भरोसा हाय." मी म्हणायचे, भाऊजी, याला भरोसा म्हणत नाहीत, याला भोक म्हणतात. तुम्ही हसायचात. त्यात मी बरोबर होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मेलेल्या माणसाला सगळ्याच बाबतीत बरोबर ठरवायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि तुम्हाला ते आवडलं नसतं.

मग एका वर्षी परीक्षेच्या फोल्डरमधले अंतर्गत गुण कुणीतरी बदलले. कुणी, ते कळायला मार्ग नव्हता, कारण सगळेच एका नावानं आत शिरत होते. तुमच्यावर कुणी बोट ठेवलं नाही. पण संस्थेनं ठरवलं की आता सगळं नव्यानं करायचं, सगळ्या शाखा एकमेकींना जोडायच्या आणि सगळ्या माणसांची एकच डिरेक्टरी करायची. काम आमच्या कंपनीकडे आलं, आणि बुलडाणा जिल्ह्यातली म्हणून कंपनीनं मला पाठवलं.

डिरेक्टरी म्हणजे काय, हे ताईनं मला तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा विचारलं. मी तिला सांगितलं, संस्थेतल्या प्रत्येक माणसाची एका जागी एकच नोंद असते. तो कोण, कुठल्या शाखेतला, त्याला काय उघडता येईल आणि काय नाही. तो कुठल्याही शाखेत, कुठल्याही कॉम्प्युटरवर बसला की कॉम्प्युटर आधी त्या नोंदीला विचारतो, याला आत सोडू का. आणि मोजक्या माणसांकडे या नोंदी करायचा, बदलायचा अधिकार असतो. त्यांना ॲडमिन म्हणतात. ताईनं विचारलं, "मंग हे ॲडमिन होते का?" मी म्हणाले, आधी होते.

पहिल्या दिवशी संस्थेच्या सचिवसाहेबांनी मला सगळं कार्यालय दाखवलं. तुम्ही सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभे होतात, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेब म्हणाले, "हे आमचे वानखडे, कॉम्प्युटर पाहतात." माझ्या ओठांवर "भाऊजी" आलंच होतं. त्याआधी तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "नमस्कार, मॅडम." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पाहिलं नाही. मीही हात जोडले.

संध्याकाळी तुमचा फोन आला. "नातं सांगतलं असतं तं म्हनले असते, वानखड्यानं सालीले काम भेटवून देल्लं. तुह्या नोकरीवर आलं असतं. काम होऊ दे, मंग सांगू." मला बरं वाटलं, भाऊजी. इतकं बरं वाटलं की मी एकदाही म्हणाले नाही, असं कशाला, मी उद्या सांगून टाकते. नातं सांगणं हे माझं काम होतं. असं काही असेल तर ते आधी सांगायचं, हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे. तुम्ही मला त्यातून सोडवलंत, आणि मी सुटका करून घेतली.

मग मी तुमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर लॉजमध्ये राहिले. रविवारी जेवायला यायचे ते मागच्या गल्लीनं. ताईला तुम्ही सांगितलं होतं, कंपनीचा नियम आहे. तिनं मानलं.

सोनाळ्याला आपण दोघं संस्थेच्या गाडीनं गेलो तो दिवस मला फार आठवतो. वाटेत तुम्ही पुस्तकी मराठीत बोलत होतात, "मॅडम, इथून पुढे रस्ता थोडा खराब आहे." ड्रायव्हरसमोर. मी खिडकीबाहेर बघून हसू दाबत होते. शाळेच्या गच्चीवर अँटेनासाठी जागा बघितली. तुम्ही माकडांना घाबरून हातात काठी घेऊन माझ्या पुढं चालत होतात. ड्रायव्हर गावात गेला तेव्हा तुम्ही व्हरांड्यात डबा उघडलात. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. दोघांना पुरेल इतकं होतं. ताईला तुम्ही काय सांगून एवढं करून घेतलं होतं कोण जाणे. "खाय सुजे, तो यायच्या आत," म्हणालात. आईच्या गुडघ्याचं विचारलंत. मला स्थळं बघतात का विचारलंत. गाडीचा आवाज आला तसा डबा बंद केलात, उठलात आणि म्हणालात, "मॅडम, निघायचं का?" तेव्हा मला ती गंमत वाटली होती. तुम्हाला काय वाटत होतं ते मी कधी विचारलं नाही.

आपलं भांडण झालं ते आखणीवरून. मी डिरेक्टरीची मांडणी शाखांप्रमाणे केली होती. मेहकर वेगळं, डोणगाव वेगळं, सुलतानपूर, सोनाळा वेगळं. प्रत्येक शाखेत एक माणूस तयार करायचा आणि त्यानं आपल्या शाखेपुरते पासवर्ड बदलून द्यायचे. तुमचं म्हणणं, कामाप्रमाणे मांड. शिक्षक एकीकडे, ऑफिसवाले एकीकडे, परीक्षा विभाग एकीकडे. "मानूस दरसाल बदलीवर जाते सुजे, काम तेच राह्यते. तू त्याले किती डाव उचलून इकडून तिकडं ठेवशीन?" मी म्हणाले, मग सोनाळ्यातल्या माणसानं पासवर्डसाठी मेहकरला फोन करायचा का? तुम्ही म्हणालात, "आत्ता करतेच नं." मी चिडले. म्हणाले, तेच तर बंद करायचं आहे. सगळं एका माणसावर चालतं तेच चूक आहे. ताटावर बसून आपण बोलत होतो. ताई म्हणाली, काय भांडता रे, जेवा. तुम्ही थोड्या वेळानं म्हणालात, "तो एक मानूस मी हाय." मी ते ऐकलं, आणि पुढचा घास घेतला.

त्या भांडणाचा निकाल लागलाच नाही. मी माझ्या पद्धतीनं केलं. जूनमध्ये बदल्या झाल्या तेव्हा नोंदी हलवताना खूप वेळ गेला, आणि सोनाळ्यात त्या कामासाठी तयार केलेल्या बाईंनी आपल्या शाखेचे पासवर्ड स्वतः नीट सांभाळले. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आणि मग ती बैठक. संस्थेची सगळी मंडळी टेबलाभोवती होती. मी पडद्यावर जुनी व्यवस्था दाखवली, मग नवी. तुम्ही भिंतीशी उभे होतात, पाण्याच्या बाटल्यांजवळ. एका सदस्यांनी विचारलं, जुन्या व्यवस्थेत परीक्षेचं फोल्डर कोण कोण उघडू शकत होतं? मी खरं सांगितलं, ज्याला तो पासवर्ड माहीत होता तो कुणीही. सचिवसाहेब तुमच्याकडे वळले. तुम्ही म्हणालात, "हो साहेब. ती चूक माझी आहे." तुमचा आवाज बारीक झाला होता. आपल्या घरात मी तो आवाज कधी ऐकलेला नव्हता.

मग साहेबांनी मला विचारलं, अगदी सरळ, मनात काही न ठेवता. "मॅडम, नव्या व्यवस्थेत दोन ॲडमिन लागणार म्हणता. यांना त्यात ठेवावं का? तुमचं काय मत आहे?"

मला मत होतं, भाऊजी. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच आलं, ठेवा म्हणाले आणि उद्या नातं बाहेर आलं तर लोक काय म्हणतील. मी म्हणाले, "ते संस्थेनं ठरवावं."

या उत्तरात एक शब्द चुकीचा नाही. कंपनीतल्या कुणीही हेच उत्तर दिलं असतं. तुम्ही पुढं आलात, ग्लासात पाणी ओतलंत आणि माझ्यासमोर ठेवलंत. "घ्या, मॅडम." मी प्यायले.

ॲडमिन म्हणून दोन तरुण शिक्षकांची नावं आली. चांगली मुलं आहेत, त्यांचं काम चोख आहे. तुमची नोंद साध्या कर्मचाऱ्यांत गेली. ती मीच हलवली, माझ्या हातानं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सवयीनं सर्व्हरवर बसलात आणि पडद्यावर परवानगी नाही असं आलं. मी मागच्या खुर्चीवर होते. तुम्ही पुन्हा पासवर्ड घातलात, सावकाश, एकेक अक्षर. मग उठून खुर्ची नीट लावलीत आणि दार हळू ओढून घेऊन गेलात. मी माझ्या पडद्याकडे बघत राहिले.

पुढच्या महिन्यात तुम्हाला सुलतानपूरच्या लॅबवर पाठवलं. तिथून एकदा तुमचा फोन आला. तुम्ही खुशीत होतात. "सुजे, म्या इथं माह्या नावानं उघडलं तं मेहकरात ठेवलेली फाईल इथं दिसून राह्यली. सगळं जसंच्या तसं. जमलं तुले." एवढ्या वर्षांत तुम्ही मला एवढी मोठी शाबासकी कधी दिली नव्हती. मी म्हणाले, हो, ते तसंच दिसतं, आणि दुसरा फोन येतोय सांगून ठेवून दिला. दुसरा फोन येत नव्हता.

त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. आता होणार नाही. सुलतानपूरहून बसनं आलात, छातीत दुखतंय म्हणालात, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं असणार. ताई मला वारंवार तेच सांगते, दुखणं जुनं होतं. मला बरं वाटावं म्हणून सांगते की स्वतःला म्हणून, कळत नाही.

तिसऱ्या दिवशी सचिवसाहेब भेटायला आले. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि ते उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही इथं?" मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "माही लहान बहीन हाय." साहेब खाली बसले. मग म्हणाले, "मॅडम, एक शब्द बोलला असतात. आम्हाला यांना काढायचं नव्हतं. तुम्हीच काही बोलला नाहीत, म्हणून आम्हाला वाटलं, तुम्हाला यांचं काम पसंत नाही." त्यात टोमणा नव्हता. ते खरंच कष्टी झाले होते. चहा अर्धा ठेवून गेले.

ताई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मले तं त्याहीनं सांगतलं, सुजीनं शब्द टाकला म्हनून नोकरी राह्यली. नाही तं घरीच बसवनार होते. सुलतानपूरबी तूच करून देल्लं, तिथं काम हलकं हाय म्हनून." तिनं तुमच्या जाण्याआधीचे कितीतरी दिवस हे शेजारीपाजारी सांगितलं होतं. माझ्या बहिणीनं घर सांभाळलं.

मी म्हणाले, "मी शब्द टाकला नाही, ताई."

ती उठून आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

परवा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग एकेक जण तुमच्याबद्दल बोलला. सोनाळ्याच्या बाई आल्या होत्या. सुलतानपूरची पोरं आली होती. मी दोन वाक्यं ठरवून उभी राहिले. पहिलं नीट आलं. "मी सुजाता, वानखडेसाहेब माझे भाऊजी होते." संस्थेतली माणसं वळून बघायला लागली. दुसरं वाक्य आलं नाही. मी खाली बसून रडू लागले. एका बाईनं पाठीवर हात ठेवला. मी तो हात झटकला नाही, आणि मी कशासाठी रडते आहे हेही सांगितलं नाही. पुन्हा एकदा माझी सुटका झाली, आणि या वेळी सोडवायला तुम्हीही नव्हतात.

मांडव उतरल्यावर ताई गाद्यांच्या घड्या करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले अजून काही बोलाचं होतं." मी तिला सगळं सांगितलं. बैठक, प्रश्न, उत्तर, पाण्याचा ग्लास. तिनं ऐकून घेतलं. तिचे हात थांबले नाहीत. मी वाट बघत होते, ती रागावेल, किंवा जवळ घेईल. ती म्हणाली, "मले सांगून काय होते सुजे? मी होती का त्या टेबलापाशी? ज्याले पानी मांगतलं त्याले सांग."

मी पाणी मागितलं नव्हतं, भाऊजी. तेही तुम्ही आपणहून दिलंत.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. तुम्ही दारात हात जोडलेत ते माझ्यासाठी. ताईला खोटं सांगितलंत तेही माझ्यासाठी, बहिणी बहिणींत अंतर पडू नये म्हणून. तुमच्या पासवर्डांवर मी इतकी वर्षं बोलत आले, पण एवढं मोठं गुपित तुम्ही शेवटपर्यंत सांभाळलंत. ते सांभाळायला नको होतं, असं मला वाटतं. तुम्ही एकदा माझ्यावर ओरडायला हवं होतं. सोनाळ्याच्या व्हरांड्यात, ताटावर, फोनवर, कुठंही. मला ते ऐकून घेता आलं असतं. तुमच्या चांगुलपणाखाली उभं राहणं त्याहून जड जातं आहे.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशीही येत होतं. ते असं होतं:

"साहेब, आधी एक सांगते. वानखडे माझे भाऊजी आहेत, तेव्हा माझं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा. पण यांना ॲडमिन ठेवा. पासवर्डची यांची सवय वाईट आहे, ती मोडायला वेळ लागेल, ते मी करून घेईन. या संस्थेत कुणाचं काही अडलं तर लोक यांना हाक मारतात. तशी हाक मला कुणी मारणार नाही. आणि हे काम मला यांनीच शिकवलं आहे."

आत्ता मी हे मोठ्यानं म्हणून पाहिलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. स्वयंपाकघरात ताईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं आहे.